बुडालेल्या रणगाड्यांजवळ जाताना: युद्धकाळातल्या वाहनांमध्ये पहिली बुडी मारणाऱ्यांसाठी

बुडालेलं जहाज प्रचंड असतं. एखाद्या नवख्याचा धक्का त्याला लागला तर ते सहन करतं. त्याच्या पोटात उभी असलेली मोटरसायकल मात्र सहन करत नाही. पातळ पत्र्याची पेट्रोलची टाकी, पोकळ नळ्यांचा सांगाडा, तारांची चाकं, आणि ऐंशीहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात. पायातल्या फिनच्या, म्हणजे रबरी वल्ह्याच्या, एका फटक्यानं हँडल तुटून पडतं आणि ते पुन्हा कधीच जागेवर येत नाही. म्हणून या प्रकारच्या डायव्हिंगची खरी तयारी धाडसाची नाहीच. पाण्यात जागच्या जागी स्थिर राहता येणं आणि हात आवरता येणं, या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं शिकता येतं. या दोन जमत नसतील, तर थोडं थांबा. ती वाहनं तिथेच आहेत.

ही वाहनं पाण्यात गेली कशी?

हा प्रश्न निव्वळ इतिहासाच्या हौसेचा नाही. वाहन बुडालं कसं, यावरून तिथली खोली, धोके आणि आपण तिथे कसं वागायचं हे ठरतं.

पहिला प्रकार जहाजाबरोबर बुडालेल्या मालाचा. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९४० साली बांधलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज इजिप्तमधल्या सैन्यासाठी सामान घेऊन आफ्रिकेला वळसा घालून आलं होतं, कारण भूमध्य समुद्राचा जवळचा मार्ग तेव्हा फार धोक्याचा होता. सुएझच्या आखाताच्या तोंडाशी शाब अली इथे ते नांगर टाकून पुढे जाण्याची वाट पाहत होतं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जर्मन हायंकेल विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. बॉम्ब नेमके दारूगोळ्याच्या होल्डजवळ, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठाराजवळ, पडले आणि स्फोटानं जहाजाचा मागचा भाग फाटला. नऊ जण गेले. पुढच्या होल्डमध्ये मात्र बेडफर्ड ट्रक आणि त्यांच्यावर रचलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस मोटरसायकली आजही ओळींत उभ्या आहेत. प्रशांत महासागरातल्या ‘चूक’ (Chuuk) नावाच्या लगूनची, म्हणजे प्रवाळानं वेढलेल्या शांत पाण्याची, कथाही याच जातीची. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी तिथल्या जपानी तळावर हल्ला केला आणि डझनावारी जहाजं आपापल्या मालासकट तळाशी गेली.

दुसरा प्रकार लढाईत किंवा लढाईच्या सरावात बुडालेल्या वाहनांचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बे इथे ४ एप्रिल १९४४ रोजी नॉर्मंडीच्या चढाईची रंगीत तालीम चालू होती. कॅनव्हासचा उंच पडदा लावून पाण्यावर तरंगणारे व्हॅलेंटाइन रणगाडे समुद्रात उतरवले गेले. हवा बिघडली, लाटा पडद्यावरून आत आल्या आणि रणगाडे बुडाले. सहा सैनिकांचा जीव गेला. ते रणगाडे आज कायद्यानं संरक्षित आहेत. अशा ठिकाणी आपण पाहुणे असतो आणि तिथे कुणीतरी मेलेलं आहे, हे पाण्यात शिरण्याआधी स्वतःला सांगावं.

तिसरा प्रकार युद्ध संपल्यावर फेकून दिलेल्या सामानाचा. प्रशांत महासागरातल्या वनुआतू देशाच्या एस्पिरितु सांतो बेटावर अमेरिकेचा मोठा तळ होता. परतताना अमेरिकनांनी बुलडोझर, ट्रक, जीप, क्रेन असं सगळं स्वस्तात विकायची तयारी दाखवली. तेव्हाच्या ब्रिटिश-फ्रेंच संयुक्त प्रशासनानं ते घेतलं नाही. मग सगळं किनाऱ्यावरून समुद्रात ढकलून दिलं गेलं. त्या जागेला आज मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात.

चौथा प्रकार मुद्दाम बुडवलेल्या निवृत्त वाहनांचा. जॉर्डनच्या अकाबामध्ये १९९९ साली एक एम-४२ डस्टर, म्हणजे जोडतोफांची विमानविरोधी चिलखती गाडी, उथळ पाण्यात ठेवली गेली. २०१९ मध्ये तिथेच रणगाडे, तोफा, रुग्णवाहिका आणि हेलिकॉप्टर मांडून पाण्याखालचं लष्करी संग्रहालय उभं राहिलं. ही वाहनं बुडताना कुणी मेलेलं नाही आणि बुडवण्याआधी ती साफ केलेली असतात. नवख्यांसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आधी उथळ पाण्यात, मग खाली

ठिकाणांचा क्रम लावताना लोक प्रसिद्धी पाहतात. क्रम खोलीनं लावावा.

सुरुवात स्नॉर्केलनंही होऊ शकते. प्रशांत महासागरातल्या सायपान बेटाच्या लगूनमध्ये जून १९४४ च्या चढाईतले अमेरिकी शर्मन रणगाडे इतक्या उथळ पाण्यात अडकलेत की वरचा भाग पाण्याबाहेर दिसतो. मिलियन डॉलर पॉइंटलाही किनाऱ्यापासून काही मीटरवरच चाकं आणि आस दिसायला लागतात, आणि उतार तसाच खोल जातो. अकाबातला डस्टर साधारण ६ मीटरवर आहे. प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्र असलेल्याला तिथे हवा आणि वेळ दोन्ही भरपूर मिळतात. तिथल्या संग्रहालयातल्या गाड्या साधारण १५ ते २८ मीटरच्या पट्ट्यात आहेत. त्यातल्या उथळ गाड्या ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत येतात, बाकीच्यांसाठी पुढचं प्रशिक्षण हवं.

त्यानंतर थिसलगॉर्म. तळ ३० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ओपन वॉटरच्या पुढचं अॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय तिथे जाऊ नये. शिवाय प्रवाह जोरदार असू शकतो आणि बोटींची गर्दी असते. त्याच्याही पुढे चूकमधलं निप्पो मारू हे जपानी जहाज, ज्याच्या डेकवर एक जपानी हलका रणगाडा आहे, पण ३० मीटरच्या खाली. सान फ्रान्सिस्को मारूच्या डेकवरचे रणगाडे तर ५० मीटरच्या सुमाराला आहेत. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर आहे. म्हणजे सान फ्रान्सिस्को मारू हे टेक्निकल डायव्हिंगचं, म्हणजे त्या मर्यादेपलीकडच्या खास प्रशिक्षणाच्या डायव्हिंगचं, ठिकाण आहे. छायाचित्रं पाहून मोह होतो हे खरं, पण तिथे नेतो म्हणणारा गाइड तुमच्या प्रमाणपत्राबद्दल विचारत नसेल, तर त्या गाइडबरोबर उथळ पाण्यातही जाऊ नका.

सराव: रिकाम्या वाळूवर

ठिकाण ठरवण्याआधी महिनाभर तरी हा सराव करा. वाळूच्या तळापासून हातभर वर, आडवं, हात पोटाशी बांधून तरंगत राहायचं. वर जायचं नाही, खाली बसायचं नाही. तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात हवा भरणं-सोडणं कमीत कमी, बाकीचं काम फुप्फुसांनी करायचं. मग डोकं खाली आणि पाय वर करून तसंच थांबायचं, कारण ट्रकच्या केबिनमध्ये डोकावताना शरीर नेमकं असंच असतं.

पाय मारायची पद्धत बदलणं सर्वांत महत्त्वाचं. नेहमीची वर-खाली लाथ तळावरचा गाळ उडवते, आणि होल्डमध्ये एकदा गाळ उठला की काही सेकंदांत स्वतःचा हातही दिसत नाही. बेडकासारखी आडवी लाथ शिका, आणि शक्य असेल तर मागे सरकण्याचीही. वाहनापासून मागे सरकता येत नाही तो माणूस हमखास हातानं ढकलून बाजूला होतो, आणि तो हात गंजलेल्या मडगार्डवर पडतो.

वजनही तपासून घ्या. सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचं एकक) हवा आणि जाकीट रिकामं असताना पाण्याची रेषा डोळ्यांपाशी यायला हवी. बहुतेक नवखे गरजेपेक्षा जास्त शिसं बांधतात आणि मग दर मीटरला जाकिटाशी झगडत बसतात.

होल्डच्या आत शिरायचं असेल तर रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा, वेगळा कोर्स करा. डोक्यावर छत असताना सरळ वर येता येत नाही, या एका फरकानं सगळे नियम बदलतात.

सोबत काय घ्यायचं

नेहमीच्या सामानाला थोडीच भर लागते. एक मुख्य टॉर्च आणि एक राखीव. जाळी किंवा मासेमारीचा दोर कापायला छोटी कात्री किंवा लाइन कटर, मोठा सुरा नको. पृष्ठभागावर आपली जागा दाखवणारा फुगा, म्हणजे एसएमबी, आणि तो पाण्याखालून सोडायचा सराव. पूर्ण अंगाचा सूट, पाणी कोमट असलं तरी, कारण गंजलेल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. धनुर्वाताची लस चालू आहे ना, हेही पाहून घ्या.

लोंबणारी प्रत्येक गोष्ट, श्वास घ्यायचा राखीव रेग्युलेटर, हवेचा दाब दाखवणारं गेज, कॅमेऱ्याची दोरी, छातीशी अडकवून टाका. रणगाड्याच्या ट्रॅकच्या कड्यांमध्ये होज, म्हणजे हवेची नळी, अडकणं ही नेहमीची अडचण आहे.

हातमोज्यांबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं की दोर धरून उतरायचं असेल तिथे घालावेत, आणि मोजे आहेत म्हणून वाहनाला हात लावू नये. बऱ्याच संरक्षित ठिकाणी ते मनाच आहेत. गाइडला विचारा.

होकायंत्राचं एक सांगायलाच हवं. रणगाडा म्हणजे कित्येक टन लोखंड, आणि जवळ गेलं की सुई भरकटते. म्हणून अशा ठिकाणी दिशा लक्षात ठेवायची ती खुणांनी: उतरण्याचा दोर कुठे, जहाजाचं नाक कुठे, बुलडोझरनंतर कोणती गाडी येते. उतरण्याआधी नकाशा बघून तो स्लेटवर काढून घेतला तर फार उपयोग होतो.

हवेचं गणित बोटीवरच करा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि हाच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. समजा तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेता. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून तिथे मिनिटाला ८० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे २,४०० लिटर. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. वर येणं आणि वर येताना घ्यायचा थांबा यांना साधारण २५० लिटर. उरले १,५५०. म्हणजे तळावर जेमतेम १९ मिनिटं, उतरण्याचा वेळ त्यातच.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा रणगाडा समोर आला की श्वास वाढतो. तोच माणूस मिनिटाला २८ लिटर घेऊ लागला तर हाच वेळ १३ मिनिटांवर येतो. म्हणून पहिल्या बुडीत सगळं जहाज पाहायचा बेत करू नका. दोन-तीन वाहनं निवडा, त्यांच्यापाशी थांबा. घाईघाईनं सगळं पाहणाऱ्याला नंतर काहीच नीट आठवत नाही. होल्डमध्ये जाणार असाल तर तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळा: एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीसाठी.

साध्या हवेवर ३० मीटरला थांबा न घेता राहता येण्याचा वेळ टेबलानुसार साधारण २० मिनिटंच आहे. ३२ टक्के नायट्रॉक्सवर, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेवर, तो वाढतो, आणि ते मिश्रण साधारण ३३ मीटरपर्यंत वापरता येतं. थिसलगॉर्मसाठी ते जवळजवळ मापात बसतं. नायट्रॉक्सचा कोर्स छोटा आहे, तो आधी करून घ्या. सिलिंडरमधलं मिश्रण स्वतः मोजल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आणखी एक: ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू शकते. ती जाणवतेच असं नाही. गेज दोनदा वाचूनही आकडा लक्षात राहत नसेल, किंवा अचानक फार मजा वाटत असेल, तर जोडीदाराला खूण करून काही मीटर वर या. उतरते ती लगेच.

पाण्याखाली

दोर धरून उतरा, विशेषतः प्रवाह असेल तेव्हा. दोर सोडण्याआधी जोडीदाराकडे पाहा, गेज पाहा, आणि मग प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं सुरुवात करा म्हणजे परतताना प्रवाह मदत करेल. भरती-ओहोटीचा जोर असलेल्या थंड पाण्यात, जसं इंग्लंडच्या किनाऱ्यावर, पाणी स्थिरावण्याची छोटी वेळ गाठूनच उतरावं लागतं.

वाहनाजवळ आल्यावर लगेच चिकटू नका. दोन-तीन मीटरवर थांबा, पूर्ण आकार नजरेत घ्या, मग एका बाजूनं हळूहळू फेरी मारा. टॉर्च लावा. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, त्यामुळे उजेडाविना सगळं निळसर राखाडी दिसतं. टॉर्चच्या झोतात त्याच चाकावरचे स्पंज लालभडक निघतात. हात ठेवायची इच्छा झाली तर त्याच जागी नीट पाहा: दगडमासा आणि विंचूमासा लोखंडावर इतके बेमालूम बसतात की अनुभवी माणसालाही उशिरा दिसतात. अग्निप्रवाळानं कातडीची आग होते. लायनफिश तर केबिनच्या सावलीत हमखास असतो.

रणगाड्याच्या झाकणातून आत शिरायचं नाही. हे झाकण सिलिंडर नसलेल्या सैनिकासाठी होतं. टॉर्च आत धरून बघा, पुरेसं दिसतं. ट्रकच्या केबिनचंही तेच. छताखाली साचलेल्या हवेच्या खिशात तोंड बाहेर काढून श्वास घेऊ नका, ती हवा डायव्हरांच्या उच्छ्वासाची असते आणि गंजण्यात तिच्यातला ऑक्सिजनही खर्च झालेला असू शकतो. हेच बुडबुडे छताचं लोखंड जास्त वेगानं खातात. होल्डमध्ये कमी वेळ राहणं हे म्हणूनही चांगलं.

चाकं मोजून गाडी ओळखा

मला या डायव्हिंगमधला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो. प्रवाळानं सगळं झाकलं तरी चाकांची मांडणी टिकते.

ट्रॅकच्या आत प्रत्येक बाजूला मोठी चाकं किती, ते मोजा. चार असतील, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि गाडी आश्चर्य वाटावं इतकी छोटी, तर तो जपानी टाइप ९५ हा-गो. तीन माणसांचा, साधारण साडेसात टनांचा, ३७ मिलिमीटर तोफेचा. सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि उंच अंग, तर शर्मन. तीनच चाकं आणि वरून उघडी पेटी, तर तो ब्रिटिश युनिव्हर्सल कॅरियर. थिसलगॉर्मवर त्याला सर्रास रणगाडा म्हटलं जातं, पण त्याला फिरता मनोरा नाही. सैनिक आणि हलकी शस्त्रं वाहून नेण्यासाठी ती गाडी होती.

मग पाहा काय टिकलं आणि काय गेलं. टायरचं रबर बघून आश्चर्य वाटतं, ते अजून गोल असतं. इंजिनाचा ओतीव लोखंडी ठोकळा आणि गिअरबॉक्स जवळजवळ शाबूत असतात. मडगार्ड, बॉनेट, दरवाजे, सगळा पातळ पत्रा आधी जातो. प्रवाळ आणि चुन्याचा थर लोखंडाभोवती कवच करतो आणि गंज मंदावतो. कुणी ‘खालचं नाव दिसावं’ म्हणून तो थर खरवडला की ताजा ऑक्सिजन पुन्हा धातूपर्यंत पोचतो. बिल्ल्यासाठी खरवडलेला एक इंच त्या गाडीचं आयुष्य कमी करतो.

जे उचलायचंच नाही

तोफगोळे, काडतुसं, सुरुंग, हातबॉम्ब आणि ओळखू न येणारी कुठलीही बंद नळी. ऐंशी वर्षांनी स्फोटकं निकामी होतात असं मानू नका. काही रसायनं जुनी झाल्यावर उलट जास्त संवेदनशील होतात. सान फ्रान्सिस्को मारूच्या होल्डमध्ये सुरुंग अजून आहेत. अनोळखी जागी असं काही दिसलं तर दूर व्हा, जागा लक्षात ठेवा, वर येऊन स्थानिक अधिकाऱ्यांना कळवा. इंधनाचा तेलकट थर जाणवला तर त्या भागातून बाहेर पडा, कारण ते मास्क-सूटला चिकटतं आणि कातडीला त्रास देतं.

माणसांचे अवशेष किंवा वैयक्तिक वस्तू, बूट, पेले, चष्मा, दिसल्या तर छायाचित्रासाठी मांडणी करू नका. एस्पिरितु सांतोजवळच प्रेसिडेंट कूलिज हे प्रचंड अमेरिकी जहाज आहे, ज्याच्या होल्डमध्ये जीप आणि ट्रक आहेत. २६ ऑक्टोबर १९४२ रोजी आपल्याच सुरुंगावर आदळून ते बुडालं. पाच हजारांहून जास्त माणसं वाचली, दोन गेली. त्यातले कॅप्टन एलवूड युआर्ट आत अडकलेल्यांना काढायला परत गेले होते. त्यांचे अवशेष सत्तर वर्षांनी जहाजात सापडले. अशा ठिकाणी हलवलेली एखादी वस्तू कुणाच्या तरी ओळखीचा शेवटचा धागा असू शकते.

कायदाही स्पष्ट आहे. ब्रिटनचा १९८६ चा लष्करी अवशेष संरक्षण कायदा, अमेरिकेचा बुडालेल्या लष्करी नौका-विमानांविषयीचा २००४ चा कायदा, आणि २००१ चा युनेस्कोचा पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाचा करार, सगळ्यांचा रोख एकच: जे आहे ते जागेवर राहू द्या. चूकमध्ये डायव्हिंगला परवाना लागतो आणि काहीही वर आणणं गुन्हा आहे. बोट निवडताना ती कायमच्या बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधते की थेट जहाजाच्या कठड्याला, हे विचारून घ्या. बांधलेल्या दोरांनी आणि नांगरांनी थिसलगॉर्मचं मोठं नुकसान केलं आहे.

वर येणं आणि त्यानंतर

गेज १०० बारला आलं की दोराकडे निघा, तळावर कितीही काही बाकी असलं तरी. मिनिटाला ९ मीटरहून वेगानं वर येऊ नका. ५ मीटरवर किमान तीन मिनिटं थांबा. दोर हुकला तर शोधाशोध करण्यात हवा घालवू नका. थांब्यावरूनच एसएमबी सोडा आणि शांतपणे वर या, गर्दीच्या ठिकाणी वर बोटींचे पंखे फिरत असतात.

एक बुडी असेल तर विमानाआधी १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवसांच्या असतील तर १८ तास ठेवा. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, विचित्र थकवा जाणवला तर ‘झोपल्यावर बरं वाटेल’ म्हणू नका. शंभर टक्के ऑक्सिजन आणि डॉक्टर, त्याच क्रमानं.

ओला सूट काढून झाला की पहिलं काम म्हणून नोंदवहीत चाकांची संख्या, मनोरा होता की नाही, गाडी उभी होती की उलटी, दोरापासून कुठल्या बाजूला, आणि परतताना किती बार उरले, हे लिहून ठेवा. छायाचित्रात उलटी पडलेली गाडी ओळखणं अवघड जातं, पण तिची चाकं मोजलेली असली की जुन्या लष्करी छायाचित्रांशी ताडून पाहता येतं. उरलेल्या बारच्या आकड्यावरून तुमचा खरा हवा-वापर काढा आणि पुढच्या बुडीचं गणित त्यावर करा.